पाकिटांवरचं ‘कै.’

भूमहून फोन आला तेव्हा मी वाचनालयातून घरी येऊन नुकतीच टेकले होते. बोलणारे गृहस्थ काकांच्या यजमानांपैकी एक. आमचं घर तुळजापुरातलं, उपाध्यांचं. त्यांच्या आजोबांपासून त्या घरातली माणसं देवीला आली की आमच्याकडे उतरतात आणि पूजा आमच्या काकांकडून करून घेतात.

“अक्का, पाकीट मिळालं,” ते म्हणाले. “कुंकू बी मिळालं. पर माझ्या नावाम्होरं ‘कै.’ लिवलंय. म्या तर हितं बाजारात उभा हाय, हातात मेथीची जुडी हाय.”

“चुकून झालं असेल हो,” मी म्हटलं.

“चुकूनच झालंय, मला ठावं हाय. आमची मालकीण तर म्हणती, बरं झालं, आता मेल्या माणसाच्या चहात साखर घालायला नको. पर आई लई घाबरलीय. देवीच्या दारातनं आलेला कागद उगं येईल व्हय, म्हणती. सकाळपासनं मला रानाकडं जाऊ दीना.”

“मी काय करू, सांगा.”

“घट बसायच्या आत दुसरं पाकीट पाठवा. नाव सरळ लिवून. माझं ऐकत न्हाय ती. कागदानं सांगितलंय, आता कागदानंच सांगाया पायजे.”

मी हो म्हटलं. घट बसायला दहा दिवस होते. पाकिटांचा निम्मा गठ्ठा माझ्याच टेबलावर पडलेला होता. वरची चार पाकिटं उलटून पाहिली तर तीन नावांच्या आधी ‘कै.’ होतं. त्यातल्या एकांशी मी श्रावणात फोनवर बोलले होते.

पत्ते छापणारा प्रोग्राम माझ्या धाकट्या भावाचा. तो पुण्यात नोकरीला होता. हे काम त्यानं आमच्या काकांसाठी चार वर्षांपूर्वी हौसेनं केलं. काकांकडे यजमानांची जुनी वही आहे. घराणं, गाव, कोण कुणाचा मुलगा, कोण कुठं राहतं, सगळं तिच्यात. नवरात्राआधी प्रत्येक घराला कुंकवाचं पाकीट टपालानं जातं. घरचा कर्ता गेला असेल तर पाकिटावर ‘कै. अमुक यांचे कुटुंबीय’ असं लिहायचं, ही आमच्याकडची रीत. ती भावानं प्रोग्रामात घातली होती. दरवर्षी तो पुण्यातून येताना छापील पत्ते घेऊन यायचा आणि ओसरीवर बसून आम्ही दोघं ते चिकटवायचो.

यंदा उन्हाळ्यात तो गेला. बेचाळिसाव्या वर्षी, कामावरच्या खुर्चीत. दिवस झाल्यावर त्याच्या बायकोनं लॅपटॉप माझ्या हातात दिला. “ताई, यात तुमच्या वहीचं काम आहे. मला ते उघडवत नाही.” मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, कॉम्प्युटरवर पुस्तकांच्या नोंदी केल्या, पण प्रोग्राम कधी आतून पाहिला नव्हता. श्रावणात मी वहीतली भूम-परंड्याकडची राहिलेली घराणी त्यात भरली. ते त्याचं राहिलेलं काम होतं, आणि दुसरं काही करायला मन लागत नव्हतं.

पाकिटांची चूक माझी की त्याची, हे मला आधी शोधायचं होतं. माणूस गेल्यावर त्याची चूक शोधायला बसणं विचित्र वाटतं. त्याची निघाली तर वाईट वाटेल, आणि नाही निघाली तरी वाटेल, असं काहीतरी.

त्यानं प्रोग्राम रुबी नावाच्या भाषेत लिहिला होता. त्या भाषेत मराठी नावं चालतात, याचंच त्याला फार कौतुक. पत्ता छापण्याच्या ओळीत लिहिलं होतं की माणसाला `हयात?` असं विचारावं, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ‘कै.’ लावावं. मला वाटलं, सोपं आहे. `हयात?` या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं ते दुसरीकडे कुठंतरी लिहिलेलं असणार, तिथं बघू. माणसाची व्याख्या असलेली फाइल उघडली आणि `हयात?` शोधलं. सापडलं नाही. सगळ्या फाइलींत शोधलं. विचारणारी ती एक ओळ सापडली, उत्तर देणारी एकही नाही.

ग्रंथालयात वाचक पुस्तक मागतो आणि आपण ते आणून देतो, पण कपाटात त्या पुस्तकाची जागाच नाही, असं हे होतं. मी फाइल वरून खाली चार वेळा वाचली. एका ओळीवर `हो_नाही` असं लिहून पुढं सहा शब्द एका रांगेत होते: हयात, विवाहित, गावात, येणारे, पत्र_हवं, फोन_चालेल. बस. प्रश्नचिन्ह नाही, उत्तर नाही. त्या ओळीच्या बऱ्याच वर पाच-सहा ओळींचा एक तुकडा होता. त्यात यातला एकही शब्द नव्हता. महिरपी कंसात नुसतं ‘नाव’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याला चिकटून प्रश्नचिन्ह.

दोन दुपारी मी त्या तुकड्याकडे बघत काढल्या. तिसऱ्या दिवशी काका जेवून ओसरीवर आले, माझं तोंड बघून म्हणाले, “काय गं, काय हरवलंय?”

“प्रश्न आहे काका, पण तो लिहिलेला कुठंच नाही. तरी उत्तर येतं.”

“मग?”

“मग ते उत्तर देतं कोण?”

काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. कॉम्प्युटरला ते ‘ती पेटी’ म्हणतात. त्यांनी कोनाड्यातली संकल्पाची पोथी काढली आणि माझ्यापुढं धरली. “वाच.”

मी वाचलं. अमुक गोत्रात जन्मलेला, अमुक नावाचा.

“भूमच्या माणसाचं नाव हाय का यात?”

“नाही.”

“तुझ्या बापाचं हाय? पन्नास वर्षं हीच पोथी समोर ठेवून म्हणतोय मी. पाटावर बसलेल्या कुणाला विचार, सांगेल माझं नाव घेतलं म्हणून. आता पोथीत नाव कुठं लिहिलंय ते शोधत बसलीस तर म्हातारी होशील.” मग जरा थांबून म्हणाले, “झालीसच म्हणा.”

मी पुन्हा त्या तुकड्याकडे गेले. महिरपी कंसातलं ‘नाव’ म्हणजे अमुक. खालच्या रांगेतला एकेक शब्द घेऊन प्रोग्राम तो अमुकच्या जागी बसवतो आणि प्रत्येक शब्दाचा एक प्रश्न तयार करतो. सहा शब्द, सहा प्रश्न, एकही हातानं लिहिलेला नाही. प्रोग्राम सुरू झाला की ते जन्माला येतात, बंद झाला की राहत नाहीत. हे कळलं तेव्हा मी एकटीच हसले. भाऊ लहानपणी शाळेची शिक्षा अशीच लिहायचा. शंभर ओळींचा पहिला शब्द आधी उभा खाली लिहून काढायचा, मग दुसरा.

पण चूक अजून सापडली नव्हती. पुण्याला त्याच्या मित्राला फोन केला. दोघं एकाच ठिकाणी कामाला होते. तो मला ताई म्हणतो.

“ताई, त्या तुकड्यात दोन उद्गारचिन्हं आहेत का, एकाला एक लागून?”

होती. मला वाटलं होतं, उत्साहाच्या भरात टाकली असतील.

तो हसला. मग त्यानं सावकाश सांगितलं. एक उद्गारचिन्ह म्हणजे उलट करा. दोन म्हणजे उलट करून पुन्हा उलट करा. ‘हो’ उलटला की ‘नाही’, पुन्हा उलटला की ‘हो’. जिथून निघालो तिथं परत. ‘नाही’चंही तसंच. उत्तर नेहमी या दोनपैकीच एक यावं म्हणून प्रोग्राम लिहिणारे असं करतात.

“आणि नोंदीतली उत्तराची चौकट रिकामी असेल तर?”

“रिकामं उलटलं की ‘हो’ होतं. ते पुन्हा उलटलं की ‘नाही’. रिकामं परत मिळत नाही, ताई.”

श्रावणात भूमकडची घराणी भरताना ज्याची खात्री नव्हती ती चौकट मी रिकामी ठेवली होती. मला तशीच शिस्त लागलेली आहे. पुस्तकाचं प्रकाशनवर्ष माहीत नसलं तर आम्ही ते अंदाजानं लिहीत नाही. ज्यांच्याशी फोनवर बोलले त्यांचीसुद्धा ती चौकट मी भरली नव्हती. बोलणारा माणूस हयात आहे हे आणखी वेगळं भरायला हवं, असं मनात आलंच नाही. इतक्या लोकांना ‘कै.’ लावलं ते मी, काहीही न लिहून.

“मग त्याच्या वेळी असं कधी कसं झालं नाही?”

“यजमानांच्या नोंदीत तो चौकट रिकामी ठेवायचाच नाही. माहीत नसलं की ‘हो’ धरायचा.”

तो बोलत गेला तशी मी ती दोन चिन्हं काढून टाकली. एका ठिकाणी बदललं आणि सहाही प्रश्न बदलले. छापून पाहिलं तर ‘कै.’ तसंच. मी पुरती गोंधळले. छापणाऱ्या ओळीलाही रिकामं आणि ‘नाही’ सारखंच वाटतं, हे त्यानं मग सांगितलं. तिथं स्पष्ट लिहावं लागलं की उत्तर खरोखरचं ‘नाही’ असेल तरच ‘कै.’ लावा. आणि पडद्यावर, चौकट रिकामी असेल तिथं ‘नोंद नाही’ असं दिसू दे.

दुरुस्ती बरोबर झाली का हे बघायला त्यानं यादीतली पहिली नोंद उघडायला सांगितली. “ती प्रयोगाची असते, तिला हात लावला तरी चालतो.”

पहिली नोंद भावाची स्वतःची होती. दुसरी माझी. प्रोग्राम चालतो का ते बघायला त्यानं पहिली दोन माणसं घरचीच घातली होती, नाव आणि गाव एवढंच. बाकी चौकटी रिकाम्या. त्याच्या नावाखाली ‘हयात: नोंद नाही’ असं आलं.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की चार वर्षं तिथं ‘हयात: नाही’ असंच दिसत असणार. तो या ओसरीवर बसून पत्ते चिकटवत होता, डिंकाची बोटं माझ्या पदराला पुसत होता, तेव्हाही. माझ्याही नावाखाली. आणि आज, खरंच नसताना, तिथं नोंद नाही. कुठलं ‘नाही’ खरं धरायचं ते मला कळेना. मी लॅपटॉप बंद केला.

भूमचं पाकीट मी त्याच संध्याकाळी छापलं. नाव सरळ. म्हातारीसाठी काकांनी आत एक ओळ घातली, ‘तुमचा मुलगा सुखरूप आहे, देवीची कृपा आहे.’ बाकीच्या घरांना एकेक फोन केला. “आपले कर्ते बरे आहेत ना?” असं विचारायचं आणि चौकट भरायची. सोनारीकडचे एक गृहस्थ म्हणाले, “बरा हाय, पर तुमी असं का इचारताय?” दोन घरांतून खरंच ‘गेले’ असं उत्तर आलं. तिथं मी ‘नाही’ भरलं.

सगळ्यांची नोंद झाली. पहिल्या दोन राहिल्या.

आमच्या वहीत मृत्यूची नोंद काका कधीच स्वतः करत नाहीत. ज्याचं माणूस गेलं त्यानं ती आपल्या अक्षरात लिहायची, खाली सही करायची. वहीच्या शेवटी आमच्याही घराचं एक पान आहे. उन्हाळ्यापासून ते तसंच होतं. काकांनी एकदाच विचारलं होतं, मी “बघू” म्हटलं होतं, पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. रिकाम्या पानावर काय लिहिलं जाणार आहे हे माहीत असताना मी ते रिकामं ठेवलं होतं. ग्रंथालयातली शिस्त इथं लागू नव्हती, हे मला कळत होतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी भूमहून फोन आला. “अक्का, पाकीट पावलं. आईनं माझं नाव शेजारणीकडनं तीनदा वाचून घेतलं. आता म्हणती जा रानात. तवा म्या चाललो.”

“चहात साखर?”

“ती न्हाय अजून,” ते म्हणाले.

दुपारी मी काकांना वही मागितली. त्यांनी ती उघडून माझ्यासमोर ठेवली आणि पान उलटू नये म्हणून कडेला बोट ठेवून बसले. मी भावाचं नाव, वर्ष आणि महिना लिहिला. सही केली. अक्षर वाकडं आलं. काका म्हणाले, “वाळू दे,” आणि बोट तसंच ठेवलं.

मग मी लॅपटॉप उघडला. पहिल्या नोंदीत ‘नाही’ निवडलं. पडद्यावर ‘हयात: नाही’ आलं. शब्द तेच, चार वर्षं होते तेच. पण आता ते कुणीतरी लिहिलेले होते.

दुसरी नोंद उघडली. माझं नाव, तुळजापूर, नोंद नाही. तिथं मी जास्त वेळ बसले. काकांनी विचारलं, “आता कुणाचं राहिलंय?”

“माझं.”

“मग भर की. मला विचारतीस व्हय, तू हायस का न्हाईस ते?”

मी ‘हो’ भरलं.