आसेगाव फाट्यावर न वळलेली मान

गेल्या रविवारी आसेगाव फाट्यावर थोडक्यात वाचलो... म्हणजे मी नाही, दुसरंच कुणीतरी.

दर रविवारी मी वाशीमहून मोटरसायकलने शेतावर जातो. वय सत्तरीच्या पुढे, पण गाडी स्वतःच चालवायची, हा हट्ट.

उमेदीची वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली, पुढे त्याच कामातून दुकान उभं केलं. मोटार नुसती ऐकून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, हे सांगायचो. कान अजूनही तसेच आहेत... मान मात्र तशी राहिली नाही.

दोनेक वर्षांपासून ती उजवीकडे वळतच नाही. घरी बोललो नाही. बोललो असतो तर मुलगा त्याच दिवशी किल्ली काढून घेणार, हे मला ठाऊक होतं.

मग मी कानांवर गाडी चालवायला लागलो. मागून ट्रॅक्टर येतोय की ट्रक, जवळ आहे की लांब, सगळं न बघता कळायचं. गाडीला आरसेही नाहीत... आमच्याकडे नवी गाडी आली की आज हार घालतात आणि उद्या आरसे काढतात. आरसे म्हणजे म्हाताऱ्यांचं काम!

तर त्या दिवशी फाटा आला. मागे कान दिला, सगळं शांत. बिनधास्त उजवीकडे वळलो...

आणि अगदी पायाजवळून एक स्कूटर सर्रकन गेली आणि रस्ता सोडून मातीत उतरली. इलेक्ट्रिक होती. आवाजच नाही! चालवणारी चाळिशीतली एक बाई, मागे तिची शाळकरी मुलगी. दोघी आडव्या झाल्या.

धावत गेलो. मुलीचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. समोरून त्याच वेळी भरधाव जीप गेली.

आणि तोंडातून काय निघावं? "हॉर्न काहून नाही वाजवला?"

बाईने पदर झटकला. "वा रे काका! मांगं न पाहता तुमी वळले, अन् हॉर्न मी वाजवू? आरसे कुठी हायेत तुमचे?"

"घरी आहेत."

"घरी? मंग घरात मांगून कोण येते ते पाहता काय?"

मुलगी रडता रडता हसली. मीही हसलो असतो, पण बाई हसत नव्हती. म्हणाली, "मान फिरवून दाखवा बरं." मी वळलो, तर कंबरेपासून अख्खा वळलो... बैलगाडीसारखा.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "माह्या लेकीले काई झालं असतं तं?"

स्कूटर उभी करून दिली, मुलीचं कोपर धुतलं, दोघी गेल्या. मी शेतावर गेलोच नाही, गाडी हळूहळू परत आणली.

संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. सुनेने ती उचलून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी तीच मला फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मान बरीचशी मोकळी होईल, पण घाई नको, असं ते म्हणाले.

आता रोज सकाळी व्यायाम झाला की परीक्षा असते. खुर्चीत बसायचं, सून मागे उभी राहून बोटं दाखवते, मी फक्त मान वळवून किती ते सांगायचं. काल तीन म्हणालो. तिने हात वरच केला नव्हता.

शेतावर सध्या मुलगा नेणार, मी मागे बसणार. किल्ली कधी मिळेल, हे मी विचारलेलं नाही. ती मुलगी सोमवारी शाळेत गेली असेल... एवढ्यावर सध्या मला झोप चांगली लागते.