माघापर्यंत पुरलेली उन्हाळी

तर काल आपण इथवर आलो होतो की माइकवरून तिसऱ्यांदा पुकारा झाला, "मुलीचे मामा, पिंपळगाव रेणुकाईचे पुंजाराम मामा, असतील तिथून स्टेजवर यावं." वैशाखाचं ऊन, जाफराबादचं कार्यालय, हजारभर पाव्हणे मुठीत अक्षदा धरून घामाघूम झालेले. नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं आणि मामाचा पत्ता नाही. मुहूर्त टळायला आला तसा भावकीतला तातेराव पुढं झाला आणि मामा बनून उभा राहिला. मंगलाष्टकं झाली, बँड वाजला, वंदनाचं लग्न लागलं.

पुंजाराम तेव्हा कार्यालयाच्या मागं, जनरेटरच्या गाडीआड, भिंतीकडं तोंड करून उभा होता. दोन मिनिटांत येतो म्हणून गेलेला माणूस. पण लघवी थेंब थेंब येई, थांबे, झाली असं वाटून वळावं तर पुन्हा लागे. बँडचा आवाज आला तेव्हा त्याला कळलं की आता पळून उपयोग नाही.

मांडवात तातेरावानं तोवर निकाल देऊन टाकला होता, "मामा रुसला. टोपी-टॉवेल आधी वरबापाला दिला ना, त्याचा राग."

नवरीच्या आईला, झुंबरबाईला, ते बराबर पटलं. आपल्याकडं मानापानावरून माणूस रुसतो हे कुणालाही पटतं. लघवीसाठी मामा मंगलाष्टकं सोडतो, हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. भाऊ समोर आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्या लेकीच्या डोक्यावर परक्यानं अक्षदा टाकल्या." आणि बोलणं टाकलं. बहिणीला सांगायची का ही गोष्ट?

साधी बहीण नव्हती ती. आई गेली तेव्हा झुंबर चार वर्षांची आणि पुंजाराम पंधराचा. चौथी शिकलेला हा पोरगा तिला न्हाऊ घाली, वेणी घाली. वेणी म्हणजे त्याला दोरखंड वळायचं तेवढं माहीत, त्यामुळं पोरगी शाळेत बैलाचा कासरा डोक्याला बांधल्यासारखी दिसायची. तिला जाफराबादला दिली त्यानंतर चाळीस वर्षांत त्याची एक भाऊबीज चुकली नव्हती. त्या दिवाळीत चुकली. तिनं बोलावलं नाही, आणि खरं सांगायचं तर बोलावलं असतं तरी तो गेला नसता. जीपमध्ये बसायचीच त्याला धास्ती वाटत होती.

या सगळ्याला त्याच्याकडं एकच नाव होतं, उन्हाळी. वैशाखात लागली म्हणजे अंगातली उष्णताच. बायको गिरिजाबाई रोज तांब्याभर धने-जिऱ्याचं पाणी करून देई, वर सब्जा. झोपायच्या आधी तो तांब्या संपवायचा आणि रात्रीतून पाचदा उठायचा. पाचदा उठतोय म्हणजे उष्णता फार, असं म्हणून गिरिजाबाईनं तांब्याचे दोन तांबे केले. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला, लोक शेकोटीला बसायला लागले, तरी पुंजारामची उन्हाळी चालूच.

माघात त्याला सर्दी झाली. त्यानं दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या, रात्री एक घेतली, सकाळी एक. दुपारपर्यंत लघवी पार बंद. पोट नगाऱ्यासारखं तट्ट. बसवेना, उभं राहवेना. गिरिजाबाई सडकेवर धावली आणि समोरून आलेली पहिली गाडी तिनं आडवी होऊन थांबवली. ती होती या सडकेवर रोज सवाऱ्या नेणाऱ्या रशीदभाईची जीप, जाफराबादकडं निघालेली, आत अकरा माणसं.

रशीदनं पुंजारामकडं एकदा पाहिलं आणि मागं वळून म्हणाला, "उतरा सगळे. मागची गाडी येऊन राह्यली, तिच्यात बसा."

"अरे, पण पैशे?" आतून कुणी तरी म्हणालं.

"वापस घ्या, पण जल्दी उतरा."

जीप भोकरदनच्या दवाखान्याकडं वळली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला पुंजाराम कण्हत होता. "उन्हाळी लई वाढली, रशीदभाई."

"माघात कसली उन्हाळी? गदूद, आतली गाठ, वाढली तुझी. माझंबी तेच झाल्तं. चार साल झाले आपरेशनला."

"आन मला कधी बोलला न्हाईस?"

"तू कुठं बोलला? तू तर जीपमध्ये बसणंच सोडलं."

भोकरदनला दवाखान्यात नळी घातली आणि पिशवी भरायला लागली तेव्हा पुंजारामच्या चेहऱ्यावर जे सुख उतरलं, ते गिरिजाबाईनं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. हे ती आजही सांगते. दुसऱ्या दिवशी रशीदच त्याला जालन्याला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. दार उघडलं तर आत डॉक्टर प्रियदर्शनी, वय तिशीच्या आत-बाहेर. पुंजाराम उंबऱ्यातच अडला.

"कधीपासून त्रास आहे, बाबा?"

"उन्हाळी लागल्ती बाई, वैशाखात."

"मग पावसाळ्यात का नाही गेली?"

आतून बोटानं तपासायचं म्हटल्यावर तर तो उठूनच बसला. "तुम्ही माझ्या भाचीच्या वयाच्या हाव, बाई."

"मग मामांनी गुपचूप कुशीवर व्हावं," ती म्हणाली. मामा झाले.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासून आलं. डॉक्टरीणबाईनं कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला सुपारीपेक्षा जराशी मोठी गाठ असते, प्रोस्टेट तिचं नाव. वय झालं की केस पिकतात तशी बहुतेकांची ती वाढते आणि मधल्या वाटेला आवळते. याची लिंबाएवढी झाली होती. कॅन्सरची लक्षणं मात्र कुठं दिसली नाहीत. सर्दीच्या गोळीनं आवळलेली वाट पारच बंद केली होती. तसली गोळी पुन्हा विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पाणी दिवसभर प्यायचं, पण दिवेलागणीनंतर बेतानं. लागली की जायचं, लाजेनं दाबून धरायची नाही. चहा पाचावरून दोनावर, यावर त्यानं घासाघीस करून अडीच कप मिळवले. गोळ्या सुरू झाल्या, आठ दिवसांनी नळी निघाली, आणि वर्षातून एकदा येऊन दाखवायचं ठरलं.

नळी निघाल्यावर चौथ्या दिवशी तो रशीदच्या जीपमध्ये पुढं बसला आणि जाफराबादला उतरला. झुंबरबाई अंगणात तुरी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"वाट चुकला का?"

"न्हाई. चुकलो होतो ते सांगायला आलो."

आणि मग तिथंच, तुरीच्या ढिगाशेजारी उकिडवं बसून, त्यानं सगळं सांगितलं. जनरेटरची गाडी, थेंब थेंब, बँड, धने-जिऱ्याचे दोन तांबे, नळी, पिशवी. मान खाली घालून, एकदासुद्धा वर न बघता. तिचं सूप कधी थांबलं ते त्याला कळलं नाही.

"टोपी-टॉवेलासाठी न्हाई गेलास तू?"

"मला टोपी मिळाली का न्हाई ते अजूनबी आठवत न्हाई, बाई."

ती पदर तोंडाशी धरून बसली. हसती की रडती ते त्याला कळेना. बहुतेक तिलाही कळत नसावं. मग उठली, त्याचे पाय धुवायला पाणी आणलं, आत पुरण शिजत घातलं. तिचा नवरा कल्याणराव पानावर बसला, आलोच म्हणून उठून मागं गेला. ती भावाच्या पानात तूप वाढत म्हणाली, "दहा महिने मी तुला काय काय बोलले. आता तू काय मागशील ते देते. माग."

पुंजाराम म्हणाला, "मला काय बी नको, बाई. फकस्त पाव्हण्याला उद्या माझ्यासंगं जालन्याला धाड. मी आल्यापासून चौथ्यांदा परसात गेल्यात."