ईश्वरीचा डावा हात

लहान मुलाचे बोट पियानोच्या पट्टीवर पहिल्यांदा पडते तेव्हा उमटणारा स्वर मोठा संकोची असतो. परक्या घराच्या उंबऱ्यावर घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा. बारामतीत, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, दर रविवारी सकाळी मी तो ऐकते आणि इतकी वर्षे शिकवूनही त्याची अपूर्वाई ओसरत नाही. कुणाचा स्वर धिटाईने येतो, कुणाचा धावत, कुणाचा चक्क आदळत. मुलाची ओळख त्याच्या बोलण्याआधी त्याची बोटे करून देतात, असे मला नेहमी वाटते. पण एखादे बोट पुढे यायलाच तयार नसेल तर?

ईश्वरी माझ्याकडे आली तेव्हा दुसरीत होती. वडगाव निंबाळकरहून तिचे वडील तिला मोटारसायकलवर घेऊन आले होते. घरचा ऊस, गोठ्यात गाई. पोरीचा डावा हात झग्याच्या खिशात होता आणि तो काही केल्या बाहेर येत नव्हता. उकळत्या दुधाने तो भाजला होता. कातडी आक्रसून बोटे आत वळली, मग शस्त्रक्रिया झाली.

“डॉक्टर म्हणले, बोटांना काम द्या, न्हायतर पुन्हा वळतील,” वडील सांगू लागले. “रबराचा चेंडू दिला तर दाबत न्हाय, रडती. गावात पेटी शिकवत्यात, पण पेटीला डावा हात नुसता भाता हलवतो. तुमच्या ह्याला म्हणं दोनी हातांची बोटं लागत्यात?”

“लागतात,” मी म्हणाले. “पण दादा, मी डॉक्टर नाही.”

“ती तुमच्यापाशी बसली तरी बास हाय, म्याडम.”

मग ते ओट्यावर जाऊन बसले. मी आत बोलावले, तर म्हणाले, “पाय चिखलाचं हायत.”

पहिले कित्येक रविवार ईश्वरी उजव्या हातानेच वाजवत राहिली. मी डाव्या हाताचे नावही काढले नाही. ज्या हाताकडे वर्गातली मुले टक लावून पाहत होती, त्याच्याकडे आणखी एका माणसाने पाहण्यात कसले शहाणपण? ती चार-पाच स्वरांची साधी चाल वाजवी आणि मी तिच्या डाव्या बाजूला बसून खर्जातला एक-एक स्वर तिच्या सुरावटीखाली ठेवत जाई. वरच्या स्वरांना खालून असा आधार मिळाला की तिचा चेहरा हलकेच उजळत असे.

एके दिवशी दारात कुणी आले म्हणून मी उठले. मागे चाल सुरूच होती. खर्जाची जागा आली तशी ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागली, पुन्हा तिथेच अडली. मी वळून पाहणार, इतक्यात तो खालचा स्वर उमटला. क्षीण, तिरका, पण अचूक. मी पाठमोरीच उभी राहिले. चाल पुरी झाल्यावर आतून आवाज आला, “बाई, तुमचा सूर मीच वाजवला.”

त्यानंतरचे सारे सुगम होते, असे मात्र नाही. आधी नुसता अंगठा, मग तर्जनी, आणि त्यापुढे कितीतरी काळ काहीच नाही. बोट ताणले की डोळ्यांत पाणी येई. मग आम्ही पट्ट्या सोडून खिडकीतून रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर पाहत बसू. करंगळी अजूनही सरळ झालेली नाही. तिच्यापुरत्या चाली मी बदलून घेतल्या. संगीताला पाचही बोटे लागतात असे कुणी सांगितले?

या काळात वडील ओट्यावरच बसत. पायांत स्वच्छ चपला असल्या तरी आत येत नसत. पोरीला गाडीवर बसवताना ते तिचा उजवा हातच धरत, हे मला हळूहळू उमगले. एकदा मी चहा घेऊन बाहेर गेले, तेव्हा कपाकडे पाहत ते म्हणाले, “दुधाचं पातेलं मी उतरवत हुतो म्याडम. पोर मागं उभी हाय, ते ध्यानातच न्हाय आलं. माझाच धक्का लागला.” मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले. आतून तिची चाल ऐकू येत होती. आम्ही दोघे ती ऐकत राहिलो.

परवाच्या रविवारी दुसरे कुणी मूल आले नव्हते. धडा संपला तशी ईश्वरी दाराशी गेली. “पप्पा, आत या. तुमाला शिकवती.”

“मला कुठं येतंय गं.”

“मला तरी कुठं येत हुतं?”

त्यांनी चपला ओट्यावर काढल्या. ते आत आले आणि छोट्या बाकाच्या अगदी कडेला टेकले. तिने त्यांचे जाडजूड, राठ बोट उचलून खालच्या पट्टीवर ठेवले. उचलले ते डाव्या हाताने. ताणलेल्या, गुलाबी कातडीची ती बोटे बापाच्या बोटाभोवती मिटली, आणि बाप अवघडून तसाच बसून राहिला. दाबले तर तिच्या हाताला काही होईल, अशी भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

“दाबा की,” ती म्हणाली. “आता दुखत न्हाय.”

त्याने मान खाली घालून तो हात नीट पाहिला, आणि मग पट्टी दाबली.