डेल्मरच्या तोंडात तीळ भिजत नसे

डेल्मर ट्वेटनच्या तोंडात तीळ भिजत नसे. हे कुणी तोंडावर सांगितलं तरी तो रागावत नसे. उलट कोण म्हणालं, कधी म्हणालं, हे पुढच्या माणसाला सांगून मोकळा होई. मिनेसोटाच्या त्या लहानशा गावात जन्मभर त्याने शाळेची बस चालवली. कुणाचं लग्न मोडायला आलंय, कुणी तळं पुरतं गोठायच्या आत त्यावर गाडी नेऊन बुडवली, सगळं सकाळी बसमध्ये चढे आणि दुपारी डेल्मरबरोबर कॅफेत उतरे. निवृत्त झाला, बस गेली. मग मुलीने फोन घेऊन दिला, आणि नंतरचं विचारूच नका.

पकडलेला मासा, तळ्याच्या नावासकट, फोनवरून जगाला. रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरच्या नावासकट. 'तुमचं व्हायकिंग नाव ओळखा' असा एक खेळ आला, त्यात आईचं माहेरचं नाव, कुत्र्याचं नाव, जन्मतारीख, सगळं भरलं. 'भयंकर स्वेन' असं उत्तर आलं. दोन दिवस स्वारी खुशीत होती.

मार्चमध्ये त्याची मुलगी सॉल्वेग एका बॅगेनिशी डेन्व्हरहून आली. मागच्या दाराने आली आणि आधी पडदे ओढले. तिच्या नवऱ्याला, ट्रॉयला, कोर्टाने तिच्या आसपास फिरकायला मनाई केली होती. तरी ती लपली होती त्या मैत्रिणीच्या घरी तो एकदा जाऊन थडकला होता. मैत्रिणीने वाढदिवसाचा फोटो टाकला होता, त्यातल्या खिडकीवरून त्याने इमारत ओळखली. तो पोचला तेव्हा केक अजून संपला नव्हता. सॉल्वेगचा डावा हात तेव्हापासून नीट वळत नाही.

"कोर्टाचा कागद आहे ना?" डेल्मर म्हणाला.

"आहे की. त्याने काय ट्रॉयला वारा घालू?"

तिची खाती तिने आधीच पुसली होती. आता बापाचा फोन घेऊन बसली.

"बाबा, हे काय आहे?"

"अंगठा."

"पायाचा?"

"ऑपरेशननंतरचा. आधीचा खाली आहे."

तिने दोन्ही अंगठे पुसले. मग सगळं खातंच पुसायला घेतलं. नक्की ना, फोनने विचारलं. मित्रांना तुमची आठवण येईल, म्हणाला. महिनाभरात परत यावंसं वाटलं तर या, म्हणाला.

"आपल्याकडच्यासारखंच आहे," डेल्मर म्हणाला. "निघतो म्हटलं की दारात अर्धा तास."

माणसांचे पत्ते विकणाऱ्या वेबसाइटी निघाल्या, त्या वेगळ्याच. त्यांच्याकडे डेल्मरचं वय, फोन, घर, आणि नातेवाईक म्हणून सॉल्वेगचं नाव, सगळं मांडून ठेवलेलं. काढून टाका म्हणावं तर आधी ओळखपत्राचा फोटो पाठवा. म्हणजे चोराने उचललेलं परत मागायचं तर त्यालाच घराची किल्ली द्यायची. सॉल्वेगने दात-ओठ खात पाठवले. हळूहळू डेल्मर ट्वेटन जगातून नाहीसा होत गेला.

कॅफेत मात्र रोज जावं लागे. नाही गेला तर चौकशीला गाव दारात आलं असतं. गोल टेबलाशी तो मुकाट कॉफी पीत बसे. पोटात मुलगी घरी आल्याची बातमी, आणि तोंड बंद. त्याचं वजन कमी झालं.

"काय रे, कवळी घरी विसरलास?" त्याचा शेजारी हार्लन म्हणाला.

"घसा बसलाय."

ईस्टरआधीचे बुधवार होते. त्या संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांसाठी सूप-पाव असतो. भांडी विसळताना डेल्मरला वाटलं, देव काही कॅफेत बसत नाही, त्याला सांगायला हरकत नाही. चर्चच्या कचेरीचं काम आर्डिस बघे. त्याने हळूच तिला गाठलं.

"सॉल्वेगचं नाव प्रार्थनेत घे. माझ्याकडे आलीय. ट्रॉयपासून देवाने तिला सांभाळावं. कुणाला बोलू नकोस हं."

आर्डिस कुणाला बोलली नाही. गावाची पित्ताशयं आणि गुडघे ती जसे रविवारच्या प्रार्थनेच्या पत्रकात लिही, तसंच हेही लिहिलं. आणि थंडीत ॲरिझोनाला जाणाऱ्यांना तिथून प्रार्थना करता यावी म्हणून ते पत्रक दर आठवड्याला चर्चच्या वेबसाइटवर चढे, तसं चढलं.

सॉल्वेग रोज सकाळी इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधून बघे. मंगळवारी सापडलं, सगळ्यात वर. तिने फोन बापासमोर ठेवला. त्याने पूर्ण वाचलं.

"मी फक्त देवाला सांगितलं होतं गं."

"देवाची वेबसाइट आहे, बाबा."

ती एवढंच बोलली आणि कॉफी करायला उठली. डेल्मरला वाटलं, आपली जीभ कापून टाकावी. असं वाटायला त्याला सत्तर वर्षं लागली होती.

त्याने फोन केला तशी आर्डिसने वेबसाइटवरून पत्रक उतरवलं आणि ओव्हनमधून काढलेला बटाट्याचा हॉटडिश टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"काल कचेरीत एकाचा फोन आला होता. फार सभ्य माणूस. डेल्मर नदीकाठच्या पिवळ्या घरातच राहतो ना, म्हणाला. मी म्हटलं, नाही हो, ते विकलं, आता शाळेमागे राहतो."

"का सांगितलंस?" सॉल्वेगने विचारलं.

"त्याची चूक होत होती ना," आर्डिस म्हणाली, आणि मग तिचं तोंड पांढरं पडलं.

शेरीफला कळवलं. पीडित बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेची गाडी तासाभरात मागच्या दाराला लागली. सॉल्वेग बॅग घेऊन वळली.

"बाबा, मी जातेय ते..."

"सांगू नकोस," डेल्मर म्हणाला. "गाव नको, राज्य नको, नवा नंबर नको. माझं काय खरं आहे?"

तिने त्याला मिठी मारली, चांगल्या हाताने. इथल्या निरोपाला अर्धा तास लागतो. हा मिनिटात उरकला.

दोन दिवसांनी ट्रॉय कॅफेत आला. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट. डेल्मरसमोर खुर्ची ओढून बसला. हार्लन उठून स्वयंपाकघरात फोन करायला गेला.

"सॉल्वेग कुठंय, डेल्मर?"

"ठाऊक नाही."

ट्रॉय त्याच्याकडे बघत राहिला. आठ वर्षं हा त्याचा जावई होता. सासऱ्याला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"खरंच ठाऊक नाही तुला," तो शेवटी म्हणाला. कॉफी न पिताच उठला. बाहेर शेरीफचा माणूस उभा होता, तो त्याच्या गाडीमागे गावाबाहेरपर्यंत गेला.

हार्लन परत येऊन बसला. "इतकं सफाईदार खोटं तुला येतं, माहीत नव्हतं."

"खोटं कुठं बोललो?"

ती पोचली का, जेवली का, तिथे थंडी आहे का, हे विचारायला त्याच्याकडे माणूस नव्हता, आणि यापुढेही नसणार होता. गोल टेबलाशी, सगळ्यांदेखत, डेल्मर रडला. कुणी काही विचारलं नाही. पलीकडच्या टेबलावरून आर्डिस उठून आली, तिने त्याचा कप भरला आणि शेजारी बसून राहिली.