नथ्थूमामाच्या कमानीची तात

पारोळ्यात आमचा नथ्थूमामा कापूस पिंजायचा. पिंजायच्या कमानीची तात, म्हणजे ताणलेली दोरी, वाजवत गल्लीतून निघाला, की बाया दार उघडून जुन्या गाद्या बाहेर टाकायच्या. लोकांच्या अंगणात बसायचं म्हणजे घरातलं बठ्ठं, लहानमोठं सगळं, कानावर येतं. पण अंगणातलं अंगणातच ठेवायचं, हा पिंजाऱ्यांचा कायदा. मोडला की कोणी दारात उभं करत नाही.

बहात्तरच्या उन्हाळ्यात रसूलभाई खाटेवर पडलेले, आज जातात की उद्या असं. मामा त्यांच्याच अंगणात पिंजत होता. तात तुटली, आवाज थांबला, आणि त्याला ऐकू आलं. रसूलभाई बायकोला, हलिमाबीला, सांगत होते, "ही खोली तुझ्या मेहरची, निकाहात कबूल केलेली. तुझीच." उशाशी त्यांचा भाऊ हाजी वजीर.

रसूलभाई गेले. हाजीनं खोलीला कुलूप घातलं. म्हणे, भावानं मलाच दिली. हाजी जमातीचा मुखिया, बाईचं कोण ऐकणार? फैसला शुक्रवारी मशिदीत, जुम्म्याच्या नमाजीनंतर मौलवीसाहेब करणार होते.

मामाला जेवण जाईना. "माले भ्याव वाटस रे. वाळीत टाकलं तर मयतीला खांदे मिळणार नाहीत."

मी म्हटलं, "मग गप बस ना. कुलूप तू घातलं का?"

"जे ज्याचं, ते त्याच्या जागेवरून हलवलं, की तो जुलूम. मी ऐकून गप बसलो तर अर्धं कुलूप माझंच. आणि हाजी बी माझा भाऊच शे. भाऊ जुलूम करत असला तर त्याचा हात धरायचा, हीच त्याला मदत."

मला काही पटलं नाही. तरी मशिदीत त्याला चिकटून बसलो.

मामा उठला. ऐकलेलं सांगितलं. हाजी हसला. "नथ्थू, कमान चालू असली की तुला ढोल ऐकू येत नाही."

"तात तुटली होती, हाजीसाब. तुम्हीच आतून नाही का ओरडले, गाठ मार अन् आवर लवकर?"

हाजीचं हसू गेलं. जमातीतले म्हातारे खाली बघायला लागले. मौलवीसाहेब हळूच म्हणाले, "कुलूप काढा."

दुसऱ्या दिवशी मामा तात वाजवत गल्लीभर फिरला. एक दार उघडलं नाही. शेवटी हलिमाबीनं उघडलं, तिच्याकडे एकच उशी होती. मामा पिंजायला बसला. समोरच्या ओट्यावर हाजीची पोरं येऊन बसली, मामाकडे नुसती बघत होती. मामाची तात नीट वाजेना.

मी मधे गेलो, मामाकडे पाठ केली आणि त्या पोरांकडे तोंड करून उभा राहिलो.