अंजिराची झोप, कढीपत्त्याचा बळी

अंजिराचं झाड हिवाळ्यात झोपतं. हे विधान शंभर टक्के खरं आहे. माझी चूक एवढीच, की मी ते सगळ्याच झाडांना लागू केलं.

मी कॅनडातल्या विंडसरमध्ये मोटारींचे सुटे भाग तपासायच्या खात्यातून रिटायर झालो (म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या) आणि वेळ जाईना म्हणून नर्सरीतून एक बुटकं अंजीर घेऊन आलो. कुंडीत मावतं, कमरेच्या वर जात नाही, फळ मात्र पूर्ण मापाचं. शैला, म्हणजे आमची ही, म्हणाली, "या थंडीत अंजीर? इथे माणसं टिकत नाहीत!" पण शेजारचे टोनीकाका इटलीचे, ऐंशीच्या घरातले, अंजिरात मुरलेले. त्यांनी मला मंत्र दिला. पानं गळली की कुंडी गॅरेजमध्ये, महिन्याला कपभर पाणी, बास. "ही स्लीप. यू नो टच!" मी नो टच केलं. एप्रिलमध्ये त्या काटकीला कोंब फुटले आणि उन्हाळ्याच्या शेवटी चक्क नऊ अंजिरं आली!

नऊ अंजिरं माणसाच्या डोक्यात जाऊ शकतात. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की मी एकेकाला गाठून 'वनस्पतींची सुप्तावस्था' समजावून सांगायला लागलो. लोक मोदक घेऊन मागच्या दाराने सटकायला लागले.

आता शैलाचा कढीपत्ता. बोटभर रोपापासून तिने अकरा वर्षं वाढवलेला, माझ्या खांद्याला लागणारा. गावातल्या निम्म्या मराठी घरांच्या फोडण्या त्याच्या जिवावर चालायच्या. हिवाळाभर तो बैठकीतल्या दक्षिणेच्या खिडकीत, म्हणजे नेमका माझ्या खुर्चीच्या जागी, ऊन खात बसायचा. त्या डिसेंबरात बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून शैला दहा आठवड्यांसाठी पुण्याला निघाली. विमानतळावर तिने माझ्यावर बोट रोखलं.

"अहो, कढीपत्त्याला जपा. खिडकीतून हलवू नका."

"अगं, तू निर्धास्त जा!"

ती निर्धास्त गेली. मी घरी येऊन विचार केला (तिथेच घात झाला!) की अंजिराला विश्रांती आणि या बिचाऱ्याने मात्र बाराही महिने राबायचं, हा कुठला न्याय? खरं सांगायचं तर मला खिडकी हवी होती. कढीपत्ता गॅरेजमध्ये गेला आणि मी खिडकीत.

दोन आठवड्यांत त्याची झाडून सगळी पानं गळली. मी खूश! "झोपला लेकाचा!" अभिमानाने टोनीकाकांना बोलावून दाखवला. त्यांनी अंजिराच्या खोडावर नख ओढलं. आत हिरवंगार. "धिस वन स्लीप." मग कढीपत्त्यावर ओढलं. आत तपकिरी. आणखी खाली ओढलं. तपकिरी. काकांनी टोपी काढली आणि छातीवर क्रॉसची खूण केली.

दुसऱ्याच दिवशी शैलाचा व्हिडिओ कॉल ठरलेला! मी धावत इंडियन ग्रोसरीत गेलो, कढीपत्त्याची होती नव्हती ती सगळी पाकिटं उचलली, मृताला परत खिडकीत बसवलं आणि शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याने एकेक डहाळी त्या काटक्यांना बांधली. डब्यात फक्त काळाच दोरा होता.

"अय्या, किती तजेलदार दिसतोय!" शैला पुण्याहून म्हणाली. "जरा जवळ न्या ना फोन."

"नको, त्याला... उजेड सोसत नाही."

"अहो, खिडकीत ठेवलाय ना?"

"फोनचा उजेड म्हणतोय मी!"

असं दर रविवारी चाललं. शनिवारी सुकलेल्या डहाळ्या सोडायच्या, नव्या बांधायच्या. दुकानदार मला "अंकल, रेस्टॉरंट खोला क्या?" विचारायला लागला. आणि एका मंगळवारी, म्हणजे झाड पार मरगळलेलं असताना, दारात वृंदावहिनी! शैलाची जिवाभावाची मैत्रीण.

"भाऊजी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीस बायका यायच्यात. शैला म्हणाली, हवा तेवढा कढीपत्ता ने."

मी "थांबा, मी काढून देतो" म्हणेपर्यंत त्यांनी हात घातला. डहाळी आली. तिच्यामागून वीतभर काळा दोरा आला.

"हे हो काय?"

"नजर!" माझ्या तोंडून निघून गेलं. "नजर लागू नये म्हणून बांधलाय. प्रत्येक फांदीला."

वहिनींचे डोळे भरून आले. "आणि शैला म्हणते, तुमचा कशावर विश्वास नाही!" त्यांनी डहाळी जागच्या जागी ठेवली, झाडाला नमस्कार केला आणि कढीपत्ता न घेताच गेल्या. बातमी पुण्याला पोचायला किती वेळ? पुढच्या कॉलवर शैला रडत होती. "अकरा वर्षांत तुम्ही त्याला कधी पाणीसुद्धा घातलं नाहीत, आणि आता दोरा बांधलात!" मला इतकी लाज वाटली की विचारू नका. खरं बोलावंसं वाटलं. पण बोललो नाही. भित्रा आहे मी!

फेब्रुवारीच्या अखेरीस ती परत आली. बूट काढले, कोट अंगात तसाच ठेवून थेट खिडकीपाशी गेली आणि झाडावरून मायेने हात फिरवला. अख्खी फांदीच तिच्या हातात आली, कटकन. तिने काटकी पाहिली, दोरा पाहिला, मग मला पाहिलं.

"शैला, मला वाटलं, तो झोपलाय गं. अंजिरासारखा."

ती मटकन माझ्या खुर्चीत बसली. अकरा वर्षं वाढवलेलं झाड होतं हो ते! आधी ती रडली. मग दोरे मोजायला लागली, आणि बेचाळिसाव्या दोऱ्याला जी हसत सुटली ती आवरेचना. मग पुन्हा रडली. माझ्याशी मात्र बोलणं बंद.

पाचव्या दिवशी वृंदावहिनी आल्या, हातात छोटी कुंडी. शैलाच्याच झाडाच्या मुळाशी फुटलेलं पिल्लू तिने कधीतरी त्यांना दिलं होतं, त्याचं हे बाळ. मग आणखी कोणी आलं, मग आणखी कोणी. आठवड्यात खिडकीत पाच कुंड्या झाल्या, आणि शैला त्यांच्याशी बोलायला लागली. (माझ्याशी नंतर.)

एप्रिलमध्ये अंजीर आपलं वेळेवर जागं झालं. मी त्यावर कुणाला अवाक्षर बोललो नाही.

पाचही कुंड्यांवर आता शैलाने चिठ्ठ्या चिकटवल्यात: "ह्यांना हात लावू देऊ नये." पाहुणे कौतुकाने वाचतात. "काय बाई जीव झाडांवर! कुणाला हातसुद्धा लावू देत नाही." मीही मान डोलावतो. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण शैलाने अजून मला नावाने हाक मारलेली नाही. मी तिचा 'हे'. तेव्हा चिठ्ठीतले 'ह्यांना' म्हणजे कोण, हे मी पाहुण्यांना कशाला सांगू?