टोचे डॉक्टरांनी सुई आवरली

आमच्याकडच्या गुरांच्या डॉक्टरांना सगळे टोचे म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हे, ती त्यांची कमाई. गाय लंगडली, टोच. म्हैस रुसली, टोच. बोकड नुसता टक लावून बघत उभा राहिला तरी डॉक्टरांचा हात बॅगेत गेलेला असायचा. आणि दोष काही त्यांच्या एकट्याचा नव्हता. "पाणी पाजा, सावलीत बांधा" एवढंच सांगून जाणारा डॉक्टर आम्हाला लबाड वाटायचा. सुई टोचली, जनावर दचकलं, शेपटीचा फटका डॉक्टरांच्या तोंडावर बसला, म्हणजे इलाज झाला.

माणूस बुटका, मनगटं उखळातल्या मुसळासारखी. स्कूटरच्या मागे दुधाचा क्रेट बांधलेला, त्यात औषधं. अंगाला जंतुनाशकाचा असा वास की ते वळणावर असतानाच आमची कुत्री पलंगाखाली जायची. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून, तोंडानं घरधन्याशी त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलणारा हा माणूस. त्यांनी ओढून काढलेल्या कालवडी आता आज्या झाल्यात.

तर अशा डॉक्टरांना सरकारचा सांगावा आला. परवाना पुढे चालू ठेवायचा असेल तर शहरात जाऊन प्रशिक्षण घ्या, गुण मिळवा. डॉक्टर आमच्या ओट्यावर चहा पिता पिता उखडले.

"केस पांढरे झाले आणि आता मला बाकावर बसवतात! पालथ्या घड्यावर पाणी ओतून यांना काय मिळणार?"

माझी थोरली वहिनी दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "घडा पालथा आहे हे कळलं ना, मग सरळ करा की."

डॉक्टर गेले. परत आले ते थेट आमच्या ओट्यावर. मग हळूहळू त्यांनीच सांगितलं. शिकवायला एक बाई होती, त्यांच्या लेकीच्या वयाची. तिनं पहिल्याच तासाला विचारलं, "कासेचं दुखणं दिसलं की कोणता जंतू आहे ते न बघताच प्रतिजैविकाची सुई कोण कोण देतं? हात वर करा."

"मी केला," डॉक्टर म्हणाले. "आजूबाजूला बघतो तर एकही हात वर नाही. सगळे खोटारडे! मी एकटाच शहाणा, उभ्या वर्गात हात वर करून बसलोय."

"हसले असतील," माझा दादा म्हणाला.

"हसले ना. पण ती नाही हसली. म्हणाली, तुमच्यामुळे मला शिकवायला सुरुवात करता येईल, बसा. आणि मग दिवसभर जे सांगितलं ना, दादा, माझी झोप उडाली." एकच औषध उठसूट मारत राहिलं की जंतू निर्ढावतात. मग ते औषध जनावराला लागत नाही, आणि पुढे त्याच जंतूंनी माणसाला धरलं तर माणसालाही लागत नाही. डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन त्या बाईंच्या शेजारीच जाऊन बसले. वर्षानुवर्षं पोटात साठलेले प्रश्न त्यांनी भातावर कालवून एकेक करून विचारले. तिनंही एकाला नाही म्हटलं नाही.

हे सगळं ऐकायला बरं होतं. पण बरोबर त्याच सुमाराला आमच्या कवडीला दगडी झाली.

कवडी म्हणजे वहिनीची गाय. पांढरी, अंगभर करडे ठिपके. वहिनीनं तिला वासरू असल्यापासून हातावर वाढवलेली. घरात माणसांची खोली वेगळी आणि वहिनीची वेगळी, असं आम्ही म्हणायचो, कारण वहिनी निम्मा दिवस गोठ्यातच. दगडी म्हणजे कास सुजून दगडासारखी टणक होते, दुधात गाठी येतात. त्या वर्षात कवडीचं हे पुन्हा पुन्हा झालेलं. दर वेळी सुई, दर वेळी दूध ओतून द्यायचं, कारण औषध उतरलेलं दूध संकलन केंद्रावर घेत नाहीत. बरं वाटायचं, की पुन्हा तेच. दादा कावला होता.

"आता शेवटचं," त्यानं वहिनीला सांगितलं. "या वेळी कास सुधारली नाही तर बाजाराच्या दिवशी दलाल तिला न्यायला येईल. मी शब्द दिलाय."

वहिनीनं बादली अशी आपटली की कोंबड्या उडाल्या.

डॉक्टर आले. कास चाचपली, ताप बघितला, काळ्या फडक्यावर चार धारा काढून गाठी बघितल्या. दादानं सवयीनं कवडीची मान धरली. पण डॉक्टरांनी बॅगेतून काढली ती एक स्वच्छ बाटली. कासेचा सुजलेला सड पुसून बाटलीत थोडं दूध घेतलं, आणि दुखणं उतरायची एक मोठी गोळी कवडीच्या घशात ढकलली.

"आणि सुई?" दादा.

"उद्या सांगतो. आधी जंतू बघू दे. गाय खातेय, रवंथ करतेय, ताप थोडाच आहे. एक दिवस थांबायला हरकत नाही. तोवर वहिनी, दर दोन-तीन तासांनी तो सड रिकामा करायचा. जितकी घाण बाहेर, तितकं बरं."

कुंपणापलीकडून शेजारणीनं विचारलंच, "काय हो, डॉक्टरांच्या सुया संपल्या का?"

आता तपासणीचं घोडं कुठे अडलं ते ऐका. त्या बाईंनी शिकवलेलं असं: लहान काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य असतं, त्यावर दूध माखायचं, बशी रात्रभर उबेला ठेवायची, आणि काय उगवतं ते बघायचं. उबेची खास पेटी महाग. पण डॉक्टरांच्या घरात अंडी उबवायची पेटी होती, त्यांच्या बायकोची. ऊब जवळपास तेवढीच. डॉक्टरांनी अंडी एका बाजूला सरकवली आणि बशा आत ठेवल्या. बायकोनं घर डोक्यावर घेतलं, पण शेवटी तयार झाली.

डॉक्टरांच्या आईला मात्र हे कुणी सांगितलं नाही. म्हातारी सकाळी अंडी फिरवायला गेली. बशांवर पांढरे ठिपके उगवलेले. तिनं कपाळावर हात मारला. "सुनेनं बशा विसळल्याच नाहीत!" असं म्हणून तिनं त्या राखेनं घासल्या, कढत पाण्यातून काढल्या आणि लखलखीत करून उन्हात उपड्या ठेवल्या.

डॉक्टर तसेच स्कूटर घेऊन आमच्या दारात. खाली उतरले, हेल्मेट हातात.

"वहिनी, माझ्या आईनं बशा घासून ठेवल्या. मला काही दिसायच्या आतच. पुन्हा नमुना द्या, आणखी एक दिवस जाईल."

दादा उसळला. "एक दिवस! गाईची कास दगड झालीये, आणि तुमच्या घरात भांडी घासतात? डॉक्टरसाहेब, गंमत चाललीये का?"

"गंमत नाही. मी पेटीला चिठ्ठी लावायला हवी होती. चूक माझी."

दादा तडक दुकानात गेला आणि औषधाची बाटली घेऊन आला. सुई भरायला तो केव्हाच शिकलेला. ती भरून गोठ्याकडे निघाला, तर दारात वहिनी आडवी.

"हो बाजूला."

"नाही होत."

"अगं, गाय जाईल!"

"जाईल तर माझी जाईल. या सुईनं ती बरी झाली का कधी? आणि ऐका," वहिनी म्हणाली, "डॉक्टरांना काय, खोटं सांगता आलं असतं. बशीत असं दिसलं, तसं दिसलं, म्हणाले असते तर तुम्हाला-मला काय कळणार होतं? आईनं भांडी घासली हे सांगायला माणूस दारात येतो, शिव्या खातो. असा माणूस बाकीचं खोटं सांगणार नाही."

दादा सुई कोनाड्यात ठेवून तंबाखू मळत बाहेर गेला. डॉक्टरांनी नमुना घेतला. नाक ओढलं, पण धूळ फार होती, असं ते म्हणाले.

या वेळी बशी सकाळपर्यंत टिकली, वर ठिपके उगवले. डॉक्टरांनी तिचा फोटो त्या शहरातल्या बाईंना पाठवला आणि फोन लावला. आम्ही सगळे गोठ्यात फोनभोवती.

"सर, हे शेणातले, ओल्या घाणीतले जंतू दिसतायत," बाई म्हणाल्या. "तुम्ही देत होता ते औषध यांना बहुतेक लागतच नाही. दुखणं एवढंच असेल तर गाय बऱ्याचदा स्वतःच यांना हुसकून लावते. ताप चढला, खाणं सोडलं, तर लगेच कळवा, मग वेगळं ठरवू. पण पुन्हा पुन्हा होतंय म्हणजे कुठून तरी येतायत. गाय बसते कशावर?"

सगळ्यांनी खाली बघितलं. गोठ्यात लाकडाचा भुसा अंथरलेला, पाय घोट्यापर्यंत रुतेल एवढा. दादाला सुतारानं फुकट दिलेला. सुताराच्या छपरातून गळत असल्यानं कायम ओला. दादा त्या भुशाची पाहुण्यांपुढे तारीफ करायचा: मऊ, गरम, फुकट.

"भुसा," डॉक्टर हळूच म्हणाले. "ओला."

"तो आधी काढा," बाई म्हणाल्या.

वहिनीनं दादाकडे बघितलं. त्या बघण्यात लग्नापासूनचं सगळं होतं. दादानं फावडं उचललं.

भुसा गेला, वाळू आली, वर कोरडा पेंढा. वहिनी दर थोड्या वेळानं सड रिकामा करायची, हात धुऊन, सड पुसून, जसं सांगितलं तसं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन ताप बघायचे. दोन दिवस काही फरक दिसेना, आणि डॉक्टरांचं तोंड दाढ दुखत असल्यासारखं झालं. मग एका सकाळी बोट कासेत थोडं रुतलं. नंतर अजून. गाठी कमी झाल्या, धार पातळ, मग पांढरी शुभ्र. गोळीचा अंश दुधातून जायला डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस दूध बाजूला ठेवलं.

दलाल आला तेव्हा दादानंच त्याला वाटेवर गाठलं. काय बोलला कोण जाणे, पण दलाल आत न येताच वळला.

दूध घालायला वहिनी स्वतः केंद्रावर गेली, मी कॅन धरायला. तपासनिसानं नमुना घेतला, औषधाचा अंश दाखवणारी पट्टी बुडवली, घड्याळाकडे बघत जांभई दिली. वहिनी पट्टीवरून नजर हलवेना. तो म्हणाला, "चांगलंय, ओता." कवडीचं दूध गावाच्या दुधात मिसळलं, आणि वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. घाम होता की काय, मी विचारलं नाही.

येताना समोरून डॉक्टरांची स्कूटर आली. वहिनीनं रिकामा कॅन हातभर उंच करून दाखवला. डॉक्टरांनी हॉर्न वाजवला, तोही दोनदा, पण थांबले नाहीत. पलीकडच्या वस्तीत कुणाची तरी म्हैस अडली होती.